एका नावाचे सहा मसाले

आमच्या गल्लीत चैत्र शिंकत येतो. होळी झाली, की डोंबिवलीच्या पूर्वेकडच्या आमच्या भागात गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांवर मिरच्या पसरल्या जातात, आणि कडकडीत ऊन खाल्लेल्या त्या मिरच्या डब्यांतून, गोणपाटांतून, एकदा तर बाळाच्या दुपट्यातून, आमच्या दारात येऊन थांबतात. मग यंत्र सुरू होतं. लोखंडी मुसळं खाली-वर होऊ लागतात, तांबडा खकाणा उडतो आणि समोरच्या क्लासमधल्या मुलांपासून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे शिंकू लागतात. मास्तर दर वर्षी तक्रार करायला खाली येतात आणि येताना स्वतःच्या मिरच्याही घेऊन येतात.

यंदाही तसंच झालं. पहिली शिंक ऐकली आणि माझ्या मनात आलं, आता यंदा काय बिघडणार? माझा स्वभावच संशयी. माहेरी मला फौजदार म्हणत. भाजीवाल्याने दोन कोथिंबिरीच्या काड्या जास्त दिल्या तर मी आधी पिशवीतले टोमॅटो तपासते. लग्न होऊन या कांडपाच्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, की आपल्या या स्वभावाचं इथे कसं होणार. पहिल्या चैत्रात कळलं, की इथे तर माझ्यासारख्यांची जत्राच भरते.

मसाला कांडायला येणाऱ्या बाईइतकं संशयी माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. यंत्रासमोर भिंतीला लागून एक लांब बाकडं आहे. बाई येते, आपला डबा आपल्याच पायांमध्ये धरते आणि त्या बाकड्यावर बसते. नंबर लागला, की मिरच्या स्वतःच्या हाताने उखळीत ओतते आणि परत येऊन बसते, ती मसाला डब्यात भरून झाकण लागेपर्यंत उठत नाही. तिची बेडगी बदलून आम्ही दुसऱ्याची हलकी मिरची घालू, तिचं दगडफूल काढून घेऊ, चार मुठी मसाला मागे ठेवू, असं तिला वाटत असतं. तिच्या आईलाही असंच वाटायचं. मोबाइल वाजला तरी ती तो कानाला लावते, पण डोळे उखळीवरच. ठाण्याहून एक ख्रिश्चन आंटी येतात. त्यांच्या घरचा मसाला बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचा असतो. त्या सगळं सामान घरीच भाजून, एकत्र करून, वर तमालपत्रांचा जाड थर देऊन आणतात. खाली काय किती आहे ते आम्हांला दिसू नये म्हणून. आणि कांडप संपत आलं, की पर्समधून एक पुडी काढतात, आमच्याकडे पाठ करतात आणि उखळीत रिकामी करतात. त्या पुडीत काय असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी प्रयत्न केले नाहीत असं नाही.

आणि शीळफाट्याकडच्या एका गावातून बेबीबाय येते. आगऱ्यांचं मोठं घर, वर्षभराचं जेवण, शिवाय पोरांच्या हळदी. रिक्षातून गोण उतरवतानाच तिची नजर सुरू होते. सुरुवातीच्या वर्षांत मला त्या नजरेचा राग यायचा. एकदा मी म्हटलं, ‘‘बेबीबाय, इतकी वर्षं येताय, अजून भरवसा नाही का?’’

ती म्हणाली, ‘‘हाय ना. मशिनीवर हाय, कुंदावर हाय. तुज्यावर नाय.’’

‘‘माझ्यावर का नाही?’’

‘‘तुजा लक्ष कंदी हितं, कंदी तितं. मना दिसतं ना गो.’’

मी हसण्यावारी नेलं, पण बोच राहिली. कारण तिने जे पाहिलं होतं ते खरं होतं.

कुंदाताई माझी मोठी नणंद. हे कांडप सासूबाईंनी सुरू केलं आणि त्यांच्यानंतर ते कुंदाताईंनी चालवलं. ‘मी लग्न केलं नाही, कांडप केलं,’ असं त्या स्वतःच सांगतात. हिशेब, गिऱ्हाइकं आणि विकायच्या पुड्या माझ्याकडे, यंत्र आणि मापं त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी. त्यांच्या हाताला एक वळण आहे आणि ते मोडत नाही. आधी हळकुंड, मग मिरची, मग धणे, मग बाकीचं. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उखळीत मूठभर तांदूळ कांडून ते फेकून द्यायचे, म्हणजे एका घरचा वास दुसऱ्या घरच्या मसाल्याला लागत नाही. दारात कितीही रांग असो, तांदळाची मूठ चुकत नाही. आजारी असताना मी एकदा त्यांना झोपेत ‘तांदूळ घातले का?’ म्हणताना ऐकलं आहे.

आणि मी? मी लग्नाआधीपासून एका जाहिरातीच्या ऑफिसात चित्रं काढायचे. मूल झालं, नोकरी सुटली, आणि हातातली ती खाज मसाल्यात उतरली. मला सुचतं. सारखं सुचतं. उपासाचा मसाला, कढीचा मसाला, भरल्या भेंडीचा वेगळा आणि भरल्या कारल्याचा वेगळा, ताकात घालायची पूड, लसणीच्या पातीची चटणी, ओल्या हळदीचं लोणचं, सांडगी मिरच्यांचे चार प्रकार. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला मी स्वतः काढलेलं लेबल. प्रत्येकाच्या पंचवीस-तीस पुड्या संपायच्या, लोक पुन्हा मागायला यायचे, तोवर मी पुढच्या गोष्टीला लागलेली असायचे. घोडं धावतंय तोवर उतरायचं नाही हे खरं, पण मी दर मैलाला घोडंच बदलत होते. कुंदाताई काही बोलायच्या नाहीत. नवी परात खाली आली, की नुसत्या बघायच्या आणि कपाटातली एक जागा रिकामी करून द्यायच्या. हे न बोलणं मला जास्त संशयास्पद वाटायचं.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात यायला लागली होती. श्रावणात, यंत्र झाकून ठेवलेलं असतं, दुपारी हाताला काम नसतं, तेव्हा मला काहीही सुचत नाही. मी वही-पेन्सिल घेऊन बसते आणि खिडकीतून समोरच्या बाल्कनीतले न वाळणारे कपडे बघते. सुचतं ते नेमकं चैत्र-वैशाखात, दारात डबे लागलेले असताना, बेबीबायची गोण अर्धी कांडून झालेली असताना. त्या क्षणी डोक्यात लखकन काही तरी येतं आणि हातातलं काम नकोसं होतं. चांगली कल्पना इतकी अवेळी का यावी? खरोखरच ती कल्पना असते, की कामातून पळायची मनाने शोधलेली मागची वाट? लोक आपल्या सुचण्यावर प्रेम करतात म्हणे. मी माझ्या सुचण्याकडे बाकड्यावरच्या बाईसारखी बघायला लागले होते.

काही वर्षांपूर्वीचा तो एक सीझन मला दर चैत्रात आठवतो, तो यामुळेच.

त्या वर्षी मी ‘सांज मसाला’ केला होता. संध्याकाळी उशिरा कामावरून घरी आलेल्या माणसाने कांदा परतायचा, हा घालायचा आणि कुठलंही कडधान्य असो, कुठली भाजी असो, रात्रीच्या जेवणाला चव आली पाहिजे. बेडगीचा रंग, थोडी संकेश्वरी, भाजके धणे, दगडफूल, त्रिफळ, आणि अगदी शेवटी सुंठ. हा मसाला मला पहिल्यांदा जमला तेव्हा मी चमचाभर तोंडात टाकून स्वयंपाकघरात एकटीच उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळेही असेल. पण मला वाटलं, इतकी वर्षं जे शोधत होते ते हेच.

ठाण्यात बायकांच्या वस्तूंचं एक प्रदर्शन भरलं होतं, तिथे मी पुड्या ठेवल्या. आठवड्याभरात दारात एक गृहस्थ उभे. सामंत नाव. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा पॅकिंगचा गाळा होता, लोणची, चटण्या वगैरे भरून ते दुकानांना पुरवायचे. पांढराशुभ्र शर्ट घालून कांडपात आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. बरं, यंत्र चालू, खकाणा उडतोय, बाकड्यावरच्या बायका पदराने नाक पुसताहेत, आणि हा माणूस शिंकत नव्हता. मिरचीच्या कांडपात ज्याला शिंक येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

‘‘मॅडम, तुमचा तो सांज मसाला आमच्या घरी सगळ्यांनी खाल्ला,’’ ते म्हणाले. ‘‘माझी मिसेस कुणाचं कौतुक करत नाही. तिने केलं. आपण हा मार्केटला आणू या. तुमच्या नावाने. फक्त एकच गोष्ट, सेम टू सेम पाहिजे. प्रत्येक वेळी.’’

‘‘सेमच असतो,’’ मी म्हटलं.

यंत्राच्या आवाजातही मला कुंदाताईंचा खोकला ऐकू आला. तो मिरचीचा नव्हता.

माझ्या नावाने! त्या दोन शब्दांनी मला काय झालं ते सांगता येत नाही. सासूबाईंचं कांडप, कुंदाताईंची मापं, बेबीबायची मिरची, ठाण्याच्या आंटींची पुडी. या सगळ्यात माझं असं काहीच नव्हतं. सांज मसाला माझा होता. पण सामंतांना माल याच सीझनमध्ये हवा होता. चांगली मिरची आत्ताच मिळते, उन्हंही आत्ताच. आणि याच दिवसांत आमची बांधलेली घरं येतात. ती एकदा दुसरीकडे गेली, की गेलीच. बाई एकदा दुसऱ्या बाकड्यावर बसली, की तिथली होते. सांज मसाल्यासाठी कांडप आवरतं घ्यावं, असं मी कुंदाताईंना सुचवलं.

‘‘बघू,’’ त्या म्हणाल्या.

हा ‘बघू’ मला घरात येऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी नीट समजलेला नाही. त्याचा अर्थ हो असतो, नाही असतो आणि कधी कधी ‘मी मेल्यावर’ असाही असतो.

मग गोष्टी घडायला लागल्या. सामंतांनी दुकानातल्या फोनवर फोन केला, तर कुंदाताईंनी ‘ती नाही’ असं सांगितलं. मी मागे तमालपत्रं निवडत होते. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तू निवडत होतीस ना? म्हणजे नव्हतीसच.’’ मी नवा घाणा काढून बरणीत भरून ठेवला, की दुसऱ्या दिवशी बरणी दोन बोटं उतरलेली असायची. घरात दुसरं कोण घेणार? नवऱ्याला तर तिखटाची आणि हळदीची बरणी कुठली ते माहीत नाही. मी बरणीवर खडूने बारीक खूण करायला लागले. फौजदारकी उपयोगी पडत होती. खूण दर वेळी उघडी पडायची. ताई माझा मसाला फेकून देताहेत, अशी माझी खात्री झाली. नाहीतर कुणाला तरी दाखवताहेत. विठ्ठलवाडीकडे त्यांची एक मैत्रीण मसाल्याचा धंदा करायची. तिचं येणं त्या दिवसांत वाढलं होतं. ती आली, की दोघी आत जाऊन हळू आवाजात बोलायच्या आणि मी गेले, की गुडघेदुखीचा विषय निघायचा.

त्या दिवसांतलं घर अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही दोघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका खोलीत, तोंडाला फडकं बांधून, डोळेच तेवढे उघडे. बाकड्यावरच्या बायका यंत्राकडे बघायच्या आणि मी कुंदाताईंच्या हातांकडे. जेवताना आमटी वाढली, तर मी आधी त्यांनी घास घेतला का ते बघायचे. त्यांनी मला काही विषबिष घातलं असतं असं नाही. पण एकदा संशयाची सवय लागली, की तो भांडीकुंडी काही सोडत नाही. मला त्यांच्याविषयी खरोखर माया होती, आणि मी त्यांच्या पाळतीवर होते. दोन्ही एकाच वेळी होतं.

सामंत ठरवायला आले तो दिवस बेबीबायचा होता. गोण अर्धी झाली होती, म्हणजे तिचे डोळे उखळीवरून हलणार नव्हते. सामंतांना मी खुर्ची दिली, ताजा घाणा काढलेली बरणी पुढे ठेवली आणि म्हटलं, ‘‘घ्या, बघा. सांज मसाला.’’

त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला. ‘‘छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण हा तो नाही.’’

‘‘तोच आहे.’’

‘‘नाही हो मॅडम. त्यात एक… कसं सांगू, मागून काही तरी यायचं. हा पुढूनच येतो.’’

कुंदाताईंनी यंत्र बंद केलं. बेबीबायची गोण मध्येच टाकून यंत्र बंद झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि एक ट्रे घेऊन आल्या. त्यात औषधाच्या सहा लहान बाटल्या होत्या, धुऊन पुसलेल्या, प्रत्येकीत मसाला. त्यांनी त्या सामंतांपुढे ओळीने मांडल्या.

‘‘हे सगळे सांज मसालेच आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिने होळीपासून जेवढ्या वेळा केला, तेवढ्या वेळचा थोडा थोडा मी काढून ठेवला. यातला तुम्हांला कुठला आवडला होता?’’

सहाही बाटल्यांचे रंग वेगळे होते. एक विटकरी, एक जांभळटाकडे झुकणारा, एक तर चक्क पिवळसर. मी शपथेवर सांगितलं असतं, की मी एकच मसाला करत होते. प्रत्येक वेळी फक्त किंचित काही तरी सुधारलं होतं. सुंठ थोडी कमी, बडीशेप थोडी, धणे जरा जास्त भाजून. सुधारणा म्हणून. कोण आपल्या लेकराला दर वेळी तेच कपडे घालतं?

सामंतांनी पहिली चाखली, दुसरी चाखली, तिसरीला त्यांना ठसका लागला आणि मग ते शिंकायला लागले, ते थांबेचनात. पांढऱ्या शर्टावर तांबडे ठिपके उडाले. मला त्या क्षणी ते पहिल्यांदा बरे वाटले. मी चाखलं. मलाही ओळखता येईना. तिसरा असावा. किंवा चौथा. बाकड्यावरून बेबीबाय ओरडली, ‘‘माजी मिरची थंड व्हाया लागली, तुमचा काय चाललाय?’’

‘‘ताई, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं?’’ माझा आवाज मलाच परका वाटला.

‘‘सांगितलं असतं तर सातवा केला असतास.’’

‘‘आणि आता सांगितलंत ते कशाला? माझं मोडायला?’’

त्यांनी तोंडावरचं फडकं खाली केलं. ‘‘तुला मसाला हवाय की मसाला शोधणं हवंय, ते मला कळत नाही अनघा. दोन्ही चांगलं आहे. पण यांना मसाला हवाय. यातली एक बाटली उचल. आत्ता. आणि मग तिच्यात एक मेथीचा दाणा घालायचा नाही. जन्मभर. जमेल?’’

जन्मभर हा शब्द मला फार मोठा वाटला. सहावी बाटली सगळ्यांत उत्तम होती, हे मला जिभेवर कळत होतं. आणि हेही कळत होतं, की चार दिवसांत मला ती अपुरी वाटू लागेल. तिसरीत एक चूक होती. त्रिफळ जरा जास्त झालं होतं. पण सामंत ज्याला ‘मागून येणारं’ म्हणत होते ते तेच होतं. आपली चूक कायमची आपल्या नावाने विकायची! मला रडू आलं. सगळ्यांसमोर, फडकं बांधलेलं असताना, मी रडले आणि तिसरी बाटली उचलली.

त्यानंतर कुंदाताईंनी अट घातली. बांधलेल्या गिऱ्हाइकांचं कांडप एक दिवसही थांबणार नाही. सांज मसाला दुपारी, रांग संपल्यावर, इथेच. आणि मापं त्या घालणार. माझ्या मसाल्याची मापं त्या घालणार आणि मी हात लावायचा नाही. मग मी काय करायचं? त्यांनी बाकड्याकडे बोट दाखवलं.

तो सगळा वैशाख मी बाकड्यावर बसले. समोर उखळीत माझा मसाला, वजनकाट्याशी कुंदाताई, आणि मी हात मांडीखाली दाबून. पहिले काही दिवस जीव नुसता तडफडत होता. धणे भाजल्याचा वास आला, की वाटायचं अजून एक मिनिट, फक्त एक मिनिट ठेवा. बोलायची मात्र सोय नव्हती. मग हळूहळू मी नुसती बघायला लागले. त्या चोरी करताहेत का, काही बदलताहेत का, म्हणून बघत होते आधी. पण इतका वेळ एका जागी बघत राहिलं, की दुसरंही दिसायला लागतं. मिरचीचा रंग मुसळाखाली तीनदा बदलतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दगडफूल पडलं, की उखळीचा आवाज मऊ होतो. तीच गोष्ट रोज सारखीच होण्यासाठी किती सांभाळावी लागते, हेही तेव्हा कळलं. दमट दिवशी ताई मिरचीला जास्त ऊन द्यायच्या, कोरड्या दिवशी कमी. मी सुधारण्यासाठी बदल करत होते, त्या न बदलण्यासाठी करत होत्या.

लोक लक्ष लागावं म्हणून काय काय करतात. ध्यान करतात, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतात. मला जे थोडंफार लक्ष लागलं ते संशयामुळे. बाकड्यावरच्या त्या सगळ्या बायकांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती. पण ज्याच्यावर पुढचं अख्खं वर्ष जेवायचं आहे, त्याच्यावरून डोळा काढायचा नाही, एवढंच तर त्या करत होत्या. बेबीबाय त्या वैशाखात एकदा माझ्या शेजारी बसली होती, माझ्याकडे निरखून म्हणाली, ‘‘आता बसलीस बग नीट.’’

सांज मसाला चालला. अजून चालतो. लेबलावर माझं नाव आहे, आणि ते लेबलही मी बदलत नाही. बाकीच्या सुचण्यासाठी आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, की काय ते श्रावणात. यंत्र झाकलं, की मी आणि माझ्या पराती मोकळ्या. शहाण्या माणसांना पटेल अशी ही व्यवस्था आहे. धंदा सांभाळून हौस. ऐकणारे माना डोलावतात. माझ्या भाच्याने तर ऑफिसात कुणाला तरी उदाहरण म्हणून सांगितलं.

मलाच फक्त ती पटलेली नाही. कारण श्रावणात मला सुचत नाही हे मी आधीच सांगितलं. पहिले दोन-तीन श्रावण मी ओढूनताणून काही तरी केलं, नाचणीचं, अळशीचं. त्याला चव नव्हती. मग चैत्रात डोक्यात लखकन यायचं, मी दातांवर दात दाबून बाकड्यावर बसायचे आणि ते निघून जायचं. असं बऱ्याचदा घालवलं, की ते यायचंच बंद होतं. मागचे दोन सीझन तर काहीच आलं नाही. यंत्र चालू, रांग लागलेली, खकाणा उडतोय आणि डोक्यात शांतता. कुणालाही हेवा वाटावा अशी शांतता. मी कुणाला बोलले नाही. पण गच्चीवर मिरच्या पसरताना मला भीती वाटायची, की आपल्यातलं जे एकमेव आपलं होतं ते आपणच कांडून फेकलं, मधल्या तांदळांसारखं. आणि लगेच दुसरा संशय. ते कधी होतं तरी का? प्रतिभा प्रतिभा म्हणून आपण जिला कुरवाळलं, ती साधी टाळाटाळ असली तर? टाळायला काही उरलं नाही, म्हणून तीही गेली. कामाला लागलेल्या बाईला हा हिशेब कोण सोडवून देणार?

कुंदाताई आता सत्तरी ओलांडून गेल्या. गुडघे गेलेत, त्या खाली कमी येतात. मापं माझ्या हाताला आली आहेत, आणि मी ती सोडत नाही. यंदा बेबीबायची सून गोण घेऊन आली, सासूसारखीच बसली. दुपारी रांग संपली आणि मी उखळ पुसत होते, तेव्हा कुंदाताई भिंतीला धरून धरून जिना उतरल्या. हातात वाटी होती.

‘‘जरा चाखून बघ.’’

‘‘काय आहे?’’

‘‘मसाला. मी केलाय. घरी, खलबत्त्यात.’’

मी त्यांच्याकडे बघितलं. या बाईने आयुष्यात कधी मापाबाहेर एक धणा टाकला नव्हता. डोळ्यांत काही दिसतं का ते मी शोधलं, पण डोळ्यांना आता मोतीबिंदूचा चष्मा आहे, त्यात माझंच तोंड दिसलं. परीक्षा घेताहेत. मी ‘वा’ म्हणावं आणि पकडलं जावं, म्हणून आल्यात. नाहीतर वय झालं.

मी बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. भयंकर होता. दालचिनीशिवाय दुसरं काही कळतच नव्हतं. मेथी करपली होती. इतका वाईट मसाला या घरात कुणी केला नव्हता, मी माझ्या सगळ्यांत वाईट श्रावणातही केला नव्हता. मी तोंड वाकडं करणार, तोच जिभेच्या मागे कुठे तरी काही हललं. दालचिनीला दाबायचं नाही, तिला आंबट द्यायला हवं. आमसुलाची पूड. मेथी काढून बाळंतशोपा. आणि मिरची लाल नकोच, हिरवी, वाळवलेली. हे एकामागून एक आलं, मी बोलावलं नसताना, दोन वर्षांनी, भर चैत्रात. हात पुसायचं फडकं माझ्या हातातून खाली पडलं.

मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात फार महत्त्वाचं काही असावं, तसं त्यात बघत होत्या.

‘‘ताई, यात एवढी दालचिनी कशी पडली?’’ मी विचारलं. ‘‘तुमच्या हातून?’’

‘‘पडली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता तूच निस्तर.’’